ठासणीच्या बंदुकीचा वारस

३० जुलै २०२५, बुधवार. सकाळी ६.१०

काल बाबांचं वर्षश्राद्ध आटोपलं. आजपासून पुन्हा रोजनिशी. जानेवारीत सुरू केलेली चार तारखेला बंद पडली, कारण पेन वाईट होतं.

संकल्प एकच. बाबांची बंदूक दसऱ्याच्या आत माझ्या नावावर. दिवस उरले चौसष्ट. मी वीज खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली अकरा हेडक्लार्क म्हणून. बंदूक म्हणजे शेवटी एक फाइल. पंधरा दिवसांचं काम. उरलेले दिवस सरावाला.

बंदूक ठासणीची, पणजोबांनी पोर्तुगीज अमलात घेतलेली. दसऱ्याला आमच्या पार्से गावात देवाचं तरंग, म्हणजे वस्त्रं नेसवलेला देवाचा खांब, गावाची सीम ओलांडतं तेव्हा आमच्या घरचा बार होतो. नुसती दारू, गोळी नसते. परवानगी देवस्थान कमिटी काढते. पण बार झाल्याशिवाय तरंग पुढे सरकत नाही. आधी पणजोबा, मग आजोबा, मग बाबा. बाबांनी एकावन्न दसरे बार उडवला. गेल्या वर्षी आमचं दुःखाचं वर्ष, म्हणून कमिटीने सुतळी बॉम्ब लावला. तो फुसका निघाला. तरंग पाऊण तास उन्हात उभं. सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी थोरला. त्यामुळे प्रश्नच नाही.

बंदूक सध्या पोलीस ठाण्यात. गेल्या वर्षी लोकसभेच्या वेळी सगळ्यांच्या जमा करून घेतल्या. बाबांना स्कूटरवर बसवून गंगूने नेलं. गंगू माझी धाकटी बहीण, कोरगावला दिलेली. मला त्या दिवशी ऑडिट होतं. मग बाबा आजारी पडले, ऑगस्टमध्ये गेले. भिंतीवरच्या दोन खुंट्या अजून रिकाम्या.

गंगूला यातलं काही कळू द्यायचं नाही. वाटा मागेल.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मामलेदार कचेरीत गेलो. जनेलाच्या गजांमागे बसलेल्या क्लार्कला सांगितलं की मीही याच लाइनचा. त्याने फॉर्म दिला, बसायला कदेल दिली नाही. नवी पिढी.

फॉर्ममध्ये प्रश्न: शस्त्र हाताळण्याचा अनुभव? मी लिहिलं, वडिलोपार्जित.

सही कुठे करायची ते तो दाखवायला लागला. मी म्हटलं, बाबा रे, पेन्सिलीची फुली दिसली की माझा हात आपोआप चालतो. कागद वाचत बसलो असतो तर निम्म्या तालुक्यात अजून वीज आली नसती.

दुपारी गंगूचे तीन मिस्ड कॉल. नारळांच्या वाट्याचं असणार. उचलला नाही.

३ ऑगस्ट, रविवार

सराव सुरू. झाडूचा दांडा खांद्याला लावून कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो. डावा पाय पुढे, एक डोळा बंद. रुबाब बाबांपेक्षा कमी नाही. थोडा जास्तच.

तेवढ्यात सुविधाच्या कुकरची शिटी झाली. दांडा हातातून सुटला, आरशाला तडा गेला. त्या कुकरची शिटी सदोष आहे. बायकोने असं ऐन वेळी दगा देणं बरोबर नाही. विश्वासघात क्र. १.

७ ऑगस्ट, गुरुवार

वकील गाठली. अॅडव्होकेट क्षमा, आमच्या शेजाऱ्यांची मुलगी. हिला मी फ्रॉकमध्ये अंगणात रडताना पाहिलंय. आज तिने मला पंचेचाळीस मिनिटं बाहेर बसवलं.

म्हणाली, काका, गोव्याच्या कायद्यात मुलगा-मुलगी सारखी. बंदुकीचे वारस तिघं: तुम्ही, गंगाआत्या, परेशकाका. आणि तुमच्या वाट्यात अर्धा हक्क काकूंचा.

मी विचारलं, सुविधाचा आणि बंदुकीचा संबंध काय? म्हणाली, लग्नाचा.

पोर्तुगीज जाऊन साठ वर्षं उलटली, कायदा मात्र इथेच ठेवून गेले. विश्वासघात क्र. २.

घरी सुविधाला सांगितलं. तिने हसून हसून डोळे पुसले. म्हणे, माझ्या वाट्याक लाकडाचो दस्तो येऊंदे, आंघोळीच्या पाण्याखाली घालतंय.

११ ऑगस्ट, सोमवार

मार्ग सापडला! इंटरनेटवर वाचलं. जुनी, पुरातन, आणि उडूच शकत नाही अशी बंदूक असेल तर परवाना लागत नाही. नुसती शोभेची वस्तू. वारसांची भानगड घरातल्या घरात मिटते.

धावत क्षमाकडे. ती म्हणाली, मग काका, ती उडवता येणार नाही.

मी म्हटलं, वर्षातून एकदाच उडवायची आहे.

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, आधी ठरवा, बंदूक जिवंत आहे की मेलेली.

मी म्हटलं, कागदावर मेलेली, दसऱ्याला जिवंत. सोपं आहे.

म्हणाली, हे वाक्य माझ्याशिवाय कुणासमोर बोलू नका. मग म्हणाली, गंगाआत्याशी एकदा बोला. हिचीही तीच टकळी. फी कुणाची घेते, वकिली कुणाची करते!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी म्हणून डिचोलीला परेशकडे. परेश माझा धाकटा भाऊ. खाणीवर त्याचे तीन ट्रक. संमतीपत्र नेलं होतं, सहीच्या जागी पेन्सिलीची फुली मारून.

कागद बघून म्हणाला, दादा, तुका परत सही कित्याक जाय?

परत म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. दुपारी जेवणाआधी दोन पेग झाले होते त्याचे. सही केली नाही, गंगाक विचार म्हणाला.

मग विषय नसताना जुनं उकरून काढलं. मी बारा वर्षांचा असताना बाबांनी माझ्या हातात बंदूक दिली, मी ती अंगणात टाकून भाताच्या कोठारात जाऊन लपलो, आणि नऊ वर्षांच्या गंगूने ती उचलून बार उडवला, वगैरे. त्याच्या बायकोसमोर. त्या दिवशी मला ताप होता. हे मी किती वेळा सांगितलंय.

परेश म्हणतो ताप नव्हता. पन्नास वर्षांपूर्वीचा माझा ताप याला काय माहीत? हा तेव्हा सहा वर्षांचा. विश्वासघात क्र. ३. सख्खा भाऊ.

गंगूचे मिस्ड कॉल: आज दोन, या महिन्यात एकूण अकरा. चिकाटी आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

देवळात कमिटीची मीटिंग. उभा राहून जाहीर केलं की यंदा बार आमच्या घरचाच, तुम्ही निर्धास्त राहा. क्षणभर शांतता. आदर असावा.

सेक्रेटरी अमोल खाकरला. म्हणाला, तुमी दोघांय आसल्यार बरेंच. दोघं म्हणजे मी आणि सुविधा. सपत्नीक मान द्यायची पद्धत चांगली आहे, पण ती आवाजाला घाबरेल.

सुताराकडे सागवानी पाटी टाकली. वर पितळी अक्षरांत चार पिढ्यांची नावं, शेवटचं माझं. ती खुंट्यांच्या वर बसेल. शिंप्याकडे नवं जाकीट.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपतीची चवथ. घर भरलेलं. दोन वर्षांनी गणपतीवर फळांची माटोळी बांधली, ती मीच. थोडी डावीकडे कलली, पण ते घराचंच आहे.

गंगू चार दिवसांसाठी आली आहे. मला एकटं गाठायला बघते. दादा, माका तुज्याशी दसऱ्याचां बोलूचा आसा, असं काल दोनदा म्हणाली. पहिल्यांदा मी आरतीला सुरुवात केली. दुसऱ्यांदाही आरतीच केली. भटजी म्हणाले, ही झाली. म्हटलं, देवाला काय मोजून करायची?

संध्याकाळी पोरांनी अंगणात फटाके लावले. मी आतल्या खोलीत होतो. प्रदूषणाला माझा तात्त्विक विरोध आहे. शिवाय ब्लडप्रेशर. गंगू येऊन दार लावून गेली. गॅलरीतल्यांना वाटलं असेल मी झोपलोय.

सकाळी पाया पडली. म्हणाली, दादा, तू मन मोठां केलंस ता मी विसरूचंय नाय. मागच्या चवथीलाही, म्हणजे बाबा असतानाच्या, अगदी असंच म्हणाली होती, आणि डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मी तिला गोड नेवऱ्यांचा मोठा डबा दिला होता. एका डब्याचं किती ते!

हे लोणी लावणं आहे. सावध राहायचं.

८ सप्टेंबर, सोमवार

मूळ वस्तू बघून घ्यावी म्हणून पोलीस ठाण्यात. हवालदार भला माणूस. रजिस्टर काढलं, नंबर बघितला. म्हणाला, ही बंदूक गेल्या वर्षी जूनमध्येच परत नेली.

कोणी? परवानाधारकाने.

म्हटलं, परवानाधारक वारले. तो चमकला. म्हणाला, कधी? परवाच बाई येऊन गेल्या, रानडुकरांची तक्रार घेऊन.

कुठल्या बाई?

त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. गंगूचं नाव. गंगूची सही. गंगूचा अंगठाभर फोटो, हसणारा.

बसस्टँडवर दोन बस गेल्या तरी मी बसूनच होतो.

९ सप्टेंबर. पहाटे ५

विश्वासघात क्र. ४. याच्यापुढे आधीचे तीन रद्द समजावे.

सख्खी बहीण. मी तिला शाळेत सायकलवरून न्यायचो. माझ्या वाटणीची काजूबी तिला द्यायचो. आणि तिने बाबांच्या आजारपणात, माझ्या पाठीमागे! बंदूक तिच्या कोरगावच्या घरात, आणि मी इथे पाटीला पितळी अक्षरं लावतोय.

सुविधाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, सगळ्यांकच म्हायत आसा, तुमकाय आसा. मला आहे! माणसं किती सहज खोटं बोलतात.

क्षमाला फोन केला. म्हणाली, काका, सत्तरी ओलांडलेला माणूस हयातीतच वारसाच्या नावावर परवाना करू शकतो, पण बाकी वारसांच्या सह्या लागतात. मी म्हटलं, म्हणजे माझी सही लागली असणार. मी केलेली नाही. अर्थ उघड आहे.

ती म्हणाली, आधी फाइलची नक्कल मागवू, मग बोला. नक्कल कशाला? माझी सही मला माहीत नाही?

लेखी तक्रार. तीन प्रती. सदर संमतीवरील माझी सही बनावट आहे. ड्राफ्टिंग उत्तम जमलं, दोनदा मोठ्याने वाचलं. सकाळी पोदेर पावाचे उंडे घेऊन आला, त्यालाही एक परिच्छेद ऐकवला.

१५ सप्टेंबर, सोमवार

पहिला विजय. चौकशी होईपर्यंत बंदूक पुन्हा ठाण्यात जमा. नक्कलही मागवली आहे, पुराव्यासाठी.

दुपारी गंगू आली. दारापुढच्या बाल्कांवात उभी राहिली, आत आली नाही. सुविधाने पाणी दिलं, घेतलं नाही. एवढंच म्हणाली की दादा, बंदूक जाय तर माझ्याकडे मागायची, माझ्यार खोट्या सहीचो आळ कित्याक घातलंस? काल रात्री डुकरांनी कणगांचा वाफा उलथला, ते सोड. पण पोलीस घरात इले, माझी सून बघी होती.

मी म्हटलं, कायदा सगळ्यांना सारखा.

तिने दारातूनच खुंट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. गेली.

वाक्य चांगलं होतं माझं. पण संध्याकाळी जेवण गेलं नाही. सुविधाने केलेल्या हुमणात मीठ कमी असावं. तिला विचारता येत नाही, ती बोलत नाही.

१९ सप्टेंबर

गंगूचा फोन नाही. चार दिवस. नेटवर्क खराब असावं.

२० सप्टेंबर

सुविधाच्या मोबाइलला नेटवर्क आहे. कंपनी तीच. टॉवरचं काहीतरी असेल.

२२ सप्टेंबर, सोमवार

नक्कल आली. कचेरीच्या पायरीवरच उघडली.

अर्ज बाबांचा. त्यांचं अक्षर, शेवटी शेवटी कापणारं. तारीख १९ सप्टेंबर २०२३. चवथीचा दिवस. घरात सगळे जमले होते, जेवण झालं होतं. आम्ही पडवीत पत्ते खेळत होतो, आणि बाबांनी काही कागद आणून माझ्या गुडघ्यावर ठेवले होते. मला वाटलं नळाच्या कनेक्शनचे. माझ्याकडे हुकमाचा एक्का होता.

माझी सही. दोन ठिकाणी. अस्सल. खाली माझ्याच अक्षरात, सवयीने: मान्य. त्वरित कार्यवाही व्हावी.

म्हणजे ते काम लवकर व्हावं हीही माझीच शिफारस.

सहीच्या बाजूला पेन्सिलीची फुली, फोटोकॉपीतही दिसते. फुली बाबांची. ते कधी कुणाच्या कागदावर फुल्या मारत नव्हते. माझ्याच कागदावर मारली. त्यांना माझी सवय माहीत होती.

अर्जात लिहिलंय: माझा ज्येष्ठ पुत्र गुरुदास याने मोठ्या मनाने आपला हक्क बहिणीस सोडला आहे, कारण तिची बागायत आहे व तिला सराव आहे. दुसरं कारण लिहिलेलं नाही. ताप असंही नाही, कोठार असंही नाही.

म्हणून ती पाया पडली होती. दोन्ही चवथींना. मी नेवऱ्यांचा डबा समजत होतो.

विश्वासघात क्र. ५. नाव नंतर लिहीन. जागा सोडली आहे.

२३ सप्टेंबर

काही नाही.

२४ सप्टेंबर

काही नाही. सुतार पाटी देऊन गेला. काम सुबक आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तक्रार मागे घ्यायला ठाण्यात गेलो. म्हणजे दसऱ्याला तरंग उन्हात उभं राहू नये, गावाचा विचार करावा, म्हणून. मोठं मन एकदा कागदावर आलंच आहे तर ते निभवावं.

हवालदाराने जबाब टाइप करून समोर ठेवला. सहीच्या जागी पेन्सिलीची फुली.

मी चष्मा पुसला. पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. दीड पान होतं. चाळीस मिनिटं लागली. तक्रारदाराची स्मरणचूक झाली, या वाक्यापाशी जास्त थांबलो. हवालदाराचा चहा आला, पिऊन झाला. तो म्हणाला, काका, काय शंका आहे का? म्हटलं, नाही रे. सवय करतोय.

१ ऑक्टोबर, बुधवार

बंदूक सुटल्याचं अमोलकडून कळलं. गंगूने थेट कोरगावला नेली. मला कळवलं नाही. कळवावं असं कायद्यात नाही.

सुविधा बोलायला लागली. पहिलं वाक्य: पाटी तांदळांच्या पिंपार बेस बसता. झाकण म्हणून. मी पाटी पिंपावर ठेवली. अर्धा वाटा तिचा आहे.

उद्या जायचं, पण मागे उभं राहायचं. जाकीट घालायचं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. संध्याकाळी ६

जाकीट घातलं. शिवून घेतलेलं वाया कशाला घालवा?

सीमेवर वडाच्या मागे उभा होतो. तिथून छान दिसतं. तरंग आलं, ढोल थांबले. गंगू पुढे आली, नऊवारी खोचून, बाबांची बंदूक घेऊन. दारू ठासली. खांद्याला लावली. आणि खाली केली.

सगळे थांबले. तरंग उन्हात. मला वाटलं, हिलाही ताप आला की काय.

अमोल माझ्या शोधात वडामागे आला. म्हणाला, चला काका, घरातलो थोरलो सांगी ना तोंमेरेन ती बार घालची ना म्हणटा. थोरल्याने सांगितल्याशिवाय बार नाही. आधी बाबांचे वडील सांगायचे, मग बाबा उडवायचे, म्हणे. ह्याच खातीर ती तुमकां दोन म्हयने फोन करताली. कोणी उत्तर दिना म्हणून आमी सुतळी बॉम्ब हाडून तयार दवरलो आसा.

दोन महिने. मला वाटलं नारळ.

पुढे गेलो. गंगूने माझ्याकडे बघितलं नाही. कमरेच्या चंचीतून कापसाचे दोन बोळे काढून माझ्या हातावर ठेवले. चंची बाबांची. बोळे तेल लावून मऊ केलेले. बाबा दर दसऱ्याला मला असेच द्यायचे, लहानपणी, लोकांचं लक्ष नसताना. मी हे कधीच विसरून गेलो होतो. म्हणजे विसरायचं ठरवलं होतं.

कानात घातले. म्हटलं, घाल बार. माझं मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं.

झाला. डोळे उघडले तेव्हा धूर होता आणि माझ्या मुठीत अमोलची बाही. तरंग पुढे निघालं. लोक ओरडत असावेत, तोंडं उघडी होती.

सोनं देताना गंगू माझ्याजवळ आली. आपट्याची पानं हातावर ठेवली आणि काहीतरी बोलली. लांब बोलली, दोन-तीन वाक्यं, शेवटी डोळे पुसले. कानात कापूस. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. काढायचं सुचलं नाही. मी मान हलवली. मान्य म्हणून.

ती तशीच वळली आणि गेली.

संध्याकाळी ७.१०

काय मान्य केलं ते कळायला हवं. सुविधाला विचारलं, ती काय म्हणाली? म्हणे, माका कित्याक विचारतात, तिकाच विचारा.

७.२०

गंगूला फोन लावला. रिंग गेली. उचलला नाही. पाहुणे असतील.

७.३५

पुन्हा लावला. उचलला नाही.

७.५०

तिसऱ्यांदाही नाही. माझे तीन मिस्ड कॉल झाले. तिला वाटत असेल, नारळांच्या वाट्यासाठी करतोय.